वाटोबाच्या वळणावरचा सुटा दगड

आक्का, घाट अजून एकेरीच चालू आहे. तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारला असता, म्हणून आधी सांगून टाकते. वरून आलेली दरड डोंगराकडच्या अंगाला तशीच पडून आहे. मशीन एक दिवस येतं आणि दोन दिवस येत नाही. दरीकडच्या बाजूला आपल्या पुश्त्याच्या भिंतीचा वरचा थर जिथे खचला, तिथे बाभळीचं झुडूप आडवं टाकून त्याला लाल फडकं बांधलंय. फडकं तुमच्याच लुगड्याचं आहे. घरात दुसरं लाल काही सापडलं नाही.

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, पोरगीही सासरी परतली. तुमचे धनी, आपले दादा, ओट्यावर बसून असतात. पूर्वीही बसूनच असायचे, पण तेव्हा तुम्ही आतून ओरडायचा आणि ते "हां" म्हणायचे. आता कुणी ओरडत नाही तरी मधूनच "हां" म्हणतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. फार थकायला झालंय, आक्का. रडून नाही, रडायला सवडच मिळाली नाही. पाण्याच्या घागरी, पाहुण्यांचा चहा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच ते पहिल्यापासून सांगणं, यानंच जीव शिणला.

थोरली जाऊ म्हणजे दुसरी सासू, तिच्यापुढे मान वर करायची नाही, असं आईनं मला लग्नाआधी बजावलं होतं. पण सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती आणि धाकट्या दिराला, म्हणजे माझ्या मालकांना, बापूंना, तुम्ही कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्यामुळे मला जाऊ आणि सासू एकातच मिळाली. पहिल्याच महिन्यात तुम्ही माझ्या डोक्यावर पाटी दिलीत आणि रोजगार हमीच्या कामावर नेलंत. दुष्काळ होता. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचे दिवस. घाटाच्या रस्त्याची खडी फोडायला अख्ख्या गावातल्या बायका होत्या. मी दहावी शिकलेली, माझ्या हाताला फोड आले, तर तुम्ही बघून म्हणालात, "येतेत. मंग जातेत." एवढंच. पुढे कितीतरी गोष्टींना तुम्ही हेच औषध दिलंत.

त्याच खडीच्या ढिगावर बसून तुम्ही आपली मजूर संस्था काढली. ठेकेदार बोलावील तिथे जायचं, त्यापेक्षा आपला रस्ता आपणच का करू नये, हा तुमचा साधा हिशोब होता. बायकांची सहकारी संस्था म्हटल्यावर पारावर लई हसले लोक. तुम्ही चेअरमन झालात, मी सचिव. तालुक्याच्या कचेरीत आपण दोघी गेलो की साहेब लोक माझ्याकडे बघून बोलायचे आणि उत्तर तुमच्याकडून यायचं. परत येताना आष्टीच्या बाजारात भजी खायचो. चेअरमनबाईंना भजी फार आवडायची, हे गावाला कधी कळलं नाही.

वाटोबाचं मात्र लिहायलाच हवं, कारण आपलं सगळं भांडण तिथलं आहे.

घाट जिथे दरीवर वळतो तिथे आपला वाटोबा. मूर्ती नाही, देऊळ नाही, शेंदूर फासलेला एक धोंडा. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन ट्रक खाली निघतात, आणि वळणावर थांबतात. जो तो उतरून वाटोबापाशी एक दगड ठेवतो. दगड घरून आणायचा, आपल्या बांधावरचा. वाटेत उचललेला चालत नाही. उन्हाळ्यात माघारी आलं की आपला दगड उचलायचा आणि दरीत टाकून द्यायचा, मागे न बघता. रीत एवढीच. पण सहा महिने कोयता चालवून आलेल्या माणसाला घर दिसत असतं, दगड कुठला आठवतो? निम्मे लोक तसेच पुढे जायचे. म्हणून तिथे ढीग झाला होता, पुरुषभर उंच. त्यात विसरलेल्यांचे दगड होते आणि न आलेल्यांचेही. कोणता कुणाचा, हे वाटोबालाच ठाऊक.

एक मला ठाऊक होता. काळा, चपटा, मधून पांढरी रेघ गेलेला. पोरगी नुकतीच झाली होती म्हणून मी त्या साली तोडीला गेले नाही. तिला घेऊन वळणापर्यंत निरोप द्यायला आले होते. बापूंनी तो दगड ढिगावर ठेवला, पोरीच्या कपाळाला बोट लावलं आणि ट्रकवर चढले. कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीतून एका संध्याकाळी ते बाजाराला म्हणून गेले, ते गेलेच. टोळीनं शोधलं, दादा दोनदा जाऊन आले, तुम्ही एकदा. काही कळलं नाही. मेलं म्हणावं तर मढं नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. गावानं माझ्या कुंकवाबद्दल कुजबुज सुरू केली तेव्हा तुम्ही चावडीपुढे उभ्या राहून काय बोललात ते मी लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. कुंकू राहिलं.

पुढे काही वर्षांनी तो पाऊस आला. सगळा पावसाळा कोरडा गेला होता, जमिनीला हात जाईल अशा भेगा होत्या, आणि दसरा तोंडावर असताना एका रात्रीत जे कोसळलं त्यानं डोंगरच सुटला. सकाळी आपण बघायला गेलो तर वळणाच्या अलीकडे रस्त्याचा दरीकडचा अर्धा भाग नव्हताच. खाली ओढ्यावरची पुलाची फरशीही वाहून गेलेली. गाव मध्येच टांगलेलं. ट्रक यायची वेळ झालेली. मुकादमाचा निरोप आला की रस्ता झाला नाही तर तो दुसऱ्या गावची टोळी उचलेल. दुष्काळात वर्ष काढलेल्या लोकांचा तो हंगाम गेला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

काम आपल्याच संस्थेला मिळालं. ओव्हरसियर साहेब पायी वर आले, भला माणूस होता, आखणी करून दिली. खालून पाया, वर पुश्ता, मागे मुरूम. सिमेंटच्या गोण्या बायकांनी डोक्यावर वाहून आणल्या. पण घोडं अडलं दगडापाशी. डोंगराचा दगड पोचट, हातोडी मारली की भुगा. चांगला काळा दगड खाली, आणि खालून गाडी येत नाही. तेव्हा तुम्ही कमरेवर हात ठेवून वाटोबाच्या ढिगाकडे बघितलंत. तुमच्या मनात काय आलं ते मला कळलं.

गाव उसळलं. देवाचा दगड भिंतीत? तुम्ही म्हणालात की जे आले त्यांचे दगड मोकळे आहेत, मोकळ्या दगडाला दोष नाही. ज्यानं त्यानं येऊन आपापला उचलून द्यावा. झालं, दुसऱ्या दिवशी सगळं गाव वळणावर. आणि कुणालाच आपला दगड ओळखू येईना. एकाच दगडावर दोन सख्खे भाऊ भांडले. एका म्हातारीनं पाच दगड आपले म्हणून सांगितले, तिनं तोडीला उभ्या जन्मात तीनच खेपा केल्या होत्या. एक जण म्हणाला माझा गोल होता, दुसरा म्हणाला तुझं डोकं गोल हाय. त्या संकटातही बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी लोकच कंटाळले आणि म्हणाले, घ्या सगळेच, वाटोबा बघून घेईल.

सगळ्यांचं मिटलं, माझं नाही. मी पुढे होऊन पांढऱ्या रेघेचा दगड काढला, मांडीवर घेतला आणि रस्त्याच्या कडेला बसले. उठलेच नाही. बायका पाट्या घेऊन थांबल्या. कुणी म्हणालं एक दगड राहिला तर काय होतं, कुणी म्हणालं तिचं बी खरंच हाय. तुम्ही पाटी खाली ठेवलीत. माझ्याशेजारी येऊन बसलात, फडकं सोडलंत, अर्धी भाकरी माझ्या हातात दिलीत आणि अर्धी स्वतः खाल्लीत. ठेच्यानं तुम्हाला ठसका लागला. पाणी प्यायलात. मग दरीकडे बघत म्हणालात, "बाई, बापू आला तर कुठल्या रस्त्यानं येईल?"

मी दगडावरची पांढरी रेघ बोटानं पुसत राहिले. 

"दे इकडं," तुम्ही म्हणालात. "पायात घालत न्हाई. सगळ्यात वरच्या थरात ठिवते, सिमेट लावत न्हाई. आला की त्याच्या हातानं उचलंल."

मी दिला. तुम्ही शब्द पाळलात. पुश्ता वर आला, शेवटच्या थरात एक जागा तुम्ही मोजून सोडलीत आणि तो दगड तिथे सुटा बसवलात. साहेबांनी हलवून पाहिला आणि म्हणाले, बाई, इथून पाणी आत जाईल, वरचा थर सुटा ठेवत नसतात. त्यांचं खरं होतं. तुम्हालाही ते कळत होतं, कारण तुम्ही वाद घातला नाहीत. तुम्ही वाद घातला नाहीत म्हणजे समोरचा बरोबर आहे, हे साहेबांना कुठून ठाऊक असणार. तुम्ही फक्त म्हणालात, "राहू द्या साहेब, देवाचा हाय." तोवर ओढ्यातही भराव पडला, ट्रक आले. टोळ्या गेल्या. जाताना सगळ्यांनी नव्यानं दगड ठेवले, वाटोबाचा ढीग पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर दर वर्षी पाऊस सरला की तुम्ही घमेल्यात थोडा सिमेंटचा माल कालवून घाटात जायचा आणि तो दगड तेवढा सुटा ठेवून आजूबाजूच्या दगडांचे सांधे भरून यायचा. एकट्या. मी कधी आले नाही, तुम्ही कधी बोलावलं नाही. मला वाटायचं तुम्ही ते माझ्यासाठी करता. बापू तुमच्या कडेवर वाढले होते, हे मला माहीत असून कधी सुचलंच नाही की तुम्हीही वाट बघत असाल. तुम्ही त्यांचं नाव घ्यायचा तेव्हा ते मला रागावण्यासाठीच, की बापू असता तर हे चाललं नसतं, बापूला ही भाजी चालत नव्हती. मी चिडायचे.

आणि मग गेल्या दिवाळीत, पणत्या लावत असताना, तुम्ही मला सरळ म्हणालात की आता तो दगड पक्का करून टाकू. भिंत आतून पोकळ होतेय, मागचा मुरूम बसायला लागलाय. मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, "भिंत समद्यांची हाय, तुझ्या एकटीची न्हाई." तरी मी नाही म्हटलं. तेव्हा हातातली पणती खाली ठेवून तुम्ही ते वाक्य बोललात. "बापू न्हाई यायचा आता. मला म्हाईत हाय, तुलाबी म्हाईत हाय."

इतक्या वर्षांत हे घरात कुणी बोललं नव्हतं. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. दादांच्या मार्फत निरोप चालायचे, चहा झालाय म्हणून सांगा, पीठ संपलंय म्हणून सांगा. एका चुलीवर स्वयंपाक आणि मध्ये दादा पोस्टमन. संक्रांतीला तिळगूळ तुम्ही माझ्या ताटात ठेवून निघून गेलात. मी खाल्ला, पण गोड बोलले नाही. आपल्या दोघींची डोकी देवानं एकाच खाणीतून काढली होती.

यंदाचा पावसाळा तुम्ही पाहिलात. सारखा पाऊस, सारखा पाऊस. ज्या मुलखात पाण्याच्या टँकरमागे धावण्यात जन्म गेला, तिथे कापूस पाण्यात उभा. त्यातच तुमचं पोट दुखणं वाढलं आणि नगरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. जीप दारात उभी राहिली. तुम्हाला आत बसवलं, आणि तुम्ही माझ्याकडे बघून, जणू काल संध्याकाळीच बोलणं झालं होतं अशा आवाजात म्हणालात, "दगड आण." मी पळत शेतात गेले. चिखलातून बांधावर पाय ठरत नव्हता. हाताला आला तो घेऊन आले. तुम्ही बघितलात आणि म्हणालात, "एवढुसा? मी काय बाजाराला चाललेय?" मी परत गेले. मोठा आणला. अर्धं गाव बघत होतं, ड्रायव्हर घड्याळ बघत होता, आणि मला, काय सांगू, इतक्या महिन्यांनी बरं वाटत होतं.

वळणावर तुम्हाला उतरता आलं नाही. मीच ठेवला, तुमच्या वतीनं. तुम्ही काचेतून पाहत होता. वाटोबाकडे नाही, भिंतीकडे.

दवाखान्यातही तेच. सलाईन लावलेल्या हातानं खूण करून मला जवळ बोलवायचा आणि विचारायचा, पाऊस हाय का? रस्ता कसा हाय? मी सांगायचे, चांगला आहे. मला तरी कुठे माहीत होतं. मी खूपदा ठरवलं की आता म्हणावं, आक्का, तुमचं बरोबर होतं, परत गेलं की आपण दोघी मिळून तो दगड पक्का करू. मग वाटायचं, आत्ता म्हटलं तर तुम्हाला वाटेल की तुमचं काही खरं नाही, म्हणून मी ऐकतेय. बरं वाटू दे, घरी जाऊन भांडून मग ऐकू. भांडल्याशिवाय ऐकलेलं तुम्हाला रुचलंही नसतं.

पण तुम्ही तिथेच गेलात. तुम्हाला घेऊन गाडी घाटात आली तेव्हा पाऊस थांबला होता. वळणापाशी लोक हातात फावडी घेऊन उभे होते. आदल्या दिवशी दरड आली होती. भिंत उभी होती, आक्का, तुमची भिंत उभी होती. पण वरच्या थराचं एक खिंडार पडलं होतं, बरोबर तिथेच. सुट्या दगडाच्या फटीतून वर्षानुवर्षं पाणी गेलं, मागचा मुरूम खचला, आणि बाजूचे चार दगड घेऊन तो आत कलला होता. पांढरी रेघ वर आली होती. मी गाडीतून उतरून पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही बोलला असता. मग बायकांनी हातानं दगडमाती बाजूला केली, संस्थेच्या त्याच बायका, आता गुडघे धरून चालणाऱ्या, आणि गाडी हळूहळू पुढे काढली. दरडीला खेटून, खिंडाराकडे एका चाकाची जागा सोडून. रस्त्यानं तुम्हाला पोचवलं.

दशक्रियेला मी मनाशी तयारी करून गेले होते. कावळा शिवायला वेळ लागला की कुणीतरी पुढे होऊन मेलेल्याच्या मनातलं बोलतं, तसं मी बोलणार होते. भिंतीचं वचन देणार होते, सगळ्यांसमोर. आणि पिंड ठेवून हात मागे घेतो न घेतो तोच कावळा आला. लोक म्हणाले, बाई समाधानानं गेली, काही राहिलं नाही तिचं. मला राग आला तुमचा. एवढी कसली घाई होती? माझं बोलणं राहिलं ना.

म्हणून आज सकाळी बोलायचं सोडून कामाला गेले. दोन बायका आल्या बरोबर, माल कालवायला. आधी कललेले दगड काढले, मागे मुरूम भरला, पाणी मारून चोपला. तुम्ही चोपायचा तसा, चोपून झाल्यावर आणखी एकदा. मग मी वाटोबापाशी गेले. तुमचा दगड ढिगावर वरच होता, कुणीही ओळखला असता एवढा मोठा. तो उचलावा की नाही यावर तेराव्याला चर्चा झाली होती. एक म्हणाले गेलेल्याचा दगड हलवू नये. पण तुम्ही गेलात ते खाली, नगरला. परत तर आलात. कशाही का होईना, याच रस्त्यानं घरी आलात. आणि आलेल्याचा दगड मोकळा, मोकळ्या दगडाला दोष नाही, हा तुमचाच कायदा. मी तो उचलला. दरीत मात्र टाकला नाही.

बापूंचा दगड पहिल्या जागी ठेवला, रेघ वर करून. तुमचा त्याला खेटून. त्यांच्या लहानपणी तुम्ही त्यांना जसं कडेवर धरत असाल तसं, मोठा दगड खालून थोडा आधार देतो. बसला बरोबर. मग घमेलं ओढलं आणि दोन्हींचे सांधे भरायला घेतले. बाजूची एक जण म्हणाली मी भरते. मी म्हटलं, नको. चारी बाजूंनी भरले. बोटानं दाबून दाबून भरले, एक फट ठेवली नाही.

ओलं गोणपाट टाकून आले आहे. संध्याकाळी पुन्हा पाणी मारायला जाईन, उद्याही जाईन, माल पुरता धरेपर्यंत जात राहीन. येत्या दसऱ्याला ट्रक दोन्ही अंगांनी जातील. आक्का, तुमचं ऐकलं मी. बापू आलेच कधी, तर दगड उचलता यायचा नाही त्यांना. पण रस्ता असेल.